खंडेनवमीची पॉवर बँक

समता कॉलोनी, रायपूर
दसरा झाला, दिवाळी यायची आहे

तीर्थरूप दादांच्या पायाशी धाकट्या शरच्चंद्रचा दंडवत. (कंबर धरली असल्यामुळे दंडवत उभ्यानेच घातला आहे, तो आडवा समजून घ्यावा.) वहिनींना नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे परवापर्यंत नव्हतो, पण आता घरातला धूर गेला आहे, भिंत पुसून झाली आहे आणि विजया माझ्याशी बोलायला लागली आहे, त्यामुळे खुशाल म्हणायला हरकत नाही. नागपुरात ऊन उतरलं असेल. इथे अजून उतरलेलं नाही. तुमच्या तब्येतीकडे पुढे येतोच.

मुद्द्याचं आधी लिहितो, कारण मला मुद्दा शेवटी आठवतो अशी तुमची जुनी तक्रार आहे. दादा, या दिवाळीला तुम्ही रायपूरला येऊ नका. काढलेलं तिकीट रद्द करा. बाबा गेल्यापासून लक्ष्मीपूजनाला पाटावर तुम्हीच बसता, तुम्ही आल्याशिवाय आपल्या घरात एकही दिवाळी झालेली नाही, हे मला माहीत आहे, आणि हे वाक्य लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही. पण येऊ नका. रागावण्याच्या आधी पुढचं वाचा. पुढचं बरंच आहे.

मागच्या वेळी तुम्ही फोनवर तिकिटाचं सांगत होतात आणि मी मध्येच फोन ठेवला, त्याचा खुलासा आधी करतो. तुमच्या छातीत गणपतीनंतर ठोके सांभाळणारं ते यंत्र बसवलं, तेव्हा आमच्या गंधालीने मला सांगितलं होतं की मोबाईल त्या यंत्रापासून वीतभर लांब ठेवायचा असतो. (ती आता नव्या रायपूरला एका कंपनीत आहे, दिवसभर संगणकांशी बोलते आणि घरी येऊन आमच्याशी हिंदीत बोलते. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.) तुम्ही तिकिटाचं सांगायला लागलात आणि मला ती वीत आठवली. मी बोलता बोलता माझ्या छातीपासून कानापर्यंत वीत लावून पाहिली, दीड वीत भरली, जीव भांड्यात पडला. मग आठवलं की तुमची मान बाबांवर गेली आहे, म्हणजे आहे की नाही हे शोधावं लागतं. मी घाबरून फोन ठेवला. तेव्हापासून केलेला नाही. वहिनींचे फोन आले तेव्हा मी बाथरूममध्ये आहे असं विजयाला सांगायला लावलं, आणि ते इतक्या वेळा सांगायला लागलं की वहिनींनी शेवटी माझ्या पोटाची चौकशी केली म्हणे. पोट उत्तम आहे. पत्राला बॅटरी लागत नाही, म्हणून हे पत्र.

आता बॅटरीचं. तुमच्या छातीत बॅटरी बसवली हे कळल्यापासून मी बॅटरी या विषयाचा अभ्यास हाती घेतला. नोकरीत असताना मंत्रालयातल्या सगळ्या फायली मी असाच आधी समजून घ्यायचो आणि मग पुढे सरकवायचो. (तुम्ही म्हणाल की सरकवायचा नाहीस. असो.) पण हा विषय फाईलसारखा नाही, दादा. जो भेटतो तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो बॅटरी शंभर टक्के भरावी, दुसरा म्हणतो ऐंशीवर थांबावं. एक म्हणतो पूर्ण उतरू द्यावी, म्हणजे ती मोकळी होते, दुसरा म्हणतो वीसच्या खाली गेली की ती खचते. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये, उशीखाली ठेवू नये, उन्हात ठेवू नये, ओली करू नये, आपटू नये, ज्या यंत्राचा चार्जर त्यालाच लावावा. मी हे सगळं ऐकतो, मान हलवतो आणि घरी येऊन विचार करतो की यातलं दादांना काय काय लागू आहे. उन्हात ठेवू नये हे ठीक, वहिनी तुम्हाला छत्री देतील. आपटू नये हेही ठीक. पण वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवावं, म्हणजे नेमकं काय करावं? तुम्ही फार आनंदात असू नये आणि फार दुःखातही असू नये, असा मी त्याचा अर्थ लावला आणि त्या हिशोबाने तुमच्या नातवाला नोकरी लागल्याची पेढ्यांची बातमी मी तुमच्याआधी ऐकली असती तर तुमच्यापासून लपवली असती. आणि ते यंत्र भरतात कुठून? त्याला पिन कुठे लावतात? हे मी वहिनींना विचारणार होतो, पण दिराने वहिनीला असं काही विचारणं बरं दिसत नाही.

या अभ्यासाच्या भरात मी घरात थोडी शिस्त आणली. टॉर्चचे सेल थंडाव्यात टिकतात असं कोणीतरी सांगितलं म्हणून ते फ्रिजमध्ये, दह्याच्या मागे ठेवले. रिमोटचे सेल उतरले तर ते गच्चीवर उन्हात घालायचे ही आपली जुनी पद्धत, ती मी चालू ठेवली. म्हणजे अर्धे सेल थंडीत आणि अर्धे उन्हात, आणि कोणते नवे, कोणते जुने हे मलाच कळेना. गंधालीने ते सगळे गोळा केले, जुने-नवे एकत्र घालायचे नसतात, थंडी नको, ऊन नको, साध्या कोरड्या कपाटात राहू द्या, असं मला हिंदीत समजावलं आणि जाताना म्हणाली, पापा, आप बस कुछ मत कीजिए. हा सल्ला मात्र मला स्पष्ट समजला. पण लगेच खंडेनवमी आली.

आपल्या घरची खंडेनवमी तुम्हाला मी काय सांगावी, पण विषय तिथूनच पेटतो, म्हणून सांगतो. आपले पूर्वज भोसल्यांबरोबर इकडे आले, ते लढायला आले की धान्य मोजायला हे कोणालाच माहीत नाही, पण तलवार आपल्याकडे कधीच नव्हती हे नक्की. तरी बाबा पाट मांडायचेच. ज्याच्यावर घर चालतं ते शस्त्र, असं त्यांचं म्हणणं. त्यांची जमीन मोजायची साखळी पाटावर असायची, आईची विळी असायची, तुमचं शाईचं पेन असायचं. सगळं आधी स्वच्छ धुवायचं, पुसायचं, हळद-कुंकू, झेंडूचं फूल, समोर समई. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी उत्तरपूजेच्या अक्षता पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. (विळी पाटावर असल्यामुळे आई त्या दिवशी भाजी हाताने तोडायची, आठवतं?) तोपर्यंत ते शस्त्र नाही, देव. अक्षता पडल्या की देव आपल्या जागी जातो आणि विळी पुन्हा भाजी चिरायला मोकळी होते.

यंदा मी विचार केला की आजच्या काळात घर कशावर चालतं. विजयाचा मोबाईल, माझा मोबाईल, साखर मोजायचं यंत्र, रक्तदाबाचं यंत्र, आणि या सगळ्यांना दाणापाणी देणारी गंधालीची पॉवर बँक. तुमची आठवण मनात होतीच. बॅटरी म्हणजे आता आपल्या घराण्याचा विषय झाला आहे, तेव्हा तिचा मान झाला पाहिजे, असं मला मनापासून वाटलं. पॉवर बँक मधोमध ठेवली. ती जरा मळकी होती. आदल्या आठवड्यात विजया तिला पर्समध्ये घेऊन सदर बाजारात मंगळसूत्र ओवून आणायला गेली होती, तिथे गर्दीत ती पर्समधून पडली आणि एका स्कूटीचं चाक तिच्या कोपऱ्यावरून गेलं. कोपरा चेपला होता, पण दिवा लागत होता, म्हणून हे आम्ही दोघांनी गंधालीला सांगितलं नाही. आता चेपलेलं, मळलेलं शस्त्र पाटावर कसं ठेवायचं? मी बाबांसारखंच केलं. नळाखाली धरून चिंचेने घासली. कोपरा तेवढा सरळ झाला नाही. मग पुसली, हळद लावली, कुंकू लावलं, त्यातलं थोडं तिच्या भोकात गेलं. आणि मग मनात आलं की देवाला उपाशी कसं बसवायचं. माझ्या जुन्या लॅपटॉपचा चार्जर कुठलीशी टोपी लावून तिला बसत होता, तो लावून दिला. तिच्या नैवेद्याची सोय झाली असं समजून मी आरती केली आणि जेवायला बसलो.

आता दादा, तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात, तुम्हाला एव्हाना अंदाज आला असेल. मला नव्हता आला. जेवण झाल्यावर विजया समईत तेल घालायला गेली आणि म्हणाली की देव फुगून राहिला आहे. मी जाऊन पाहिलं. पॉवर बँक गोधडीसारखी गुबगुबीत झाली होती आणि तिच्या पोटावरचं फूल घरंगळून खाली आलं होतं. मला, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा आनंद झाला. वाटलं पूजा पावली. मी हात लावायला पुढे झालो तर विजया ओरडली, उत्तरपूजा नाही झाली, काहून हात लावून राहिले त्याले? ती म्हणाली ते बरोबरच होतं. मी म्हटलं मग निदान चार्जर काढू का? चार्जर पाटावर नव्हता, भिंतीला होता, म्हणजे तो देवात धरायचा की नाही, यावर आमचा वाद सुरू झाला. तेवढ्यात समोरचे हिरालाल भैया प्रसादाला आले. (त्यांच्या घराचं काम चालू आहे, रस्ताभर रेती पसरली आहे, त्यावरून माझं त्यांच्याशी दोनदा भांडण झालं आहे.) त्यांना मी पंच नेमलं. त्यांनी वाकून पाहिलं, हव, फूल गे हे भैया, म्हणजे हो, फुगली आहे खरी, असं शांतपणे म्हणाले आणि प्रसादाचा द्रोण घेऊन उभे राहिले. त्या माणसाला घाई म्हणून माहीत नाही.

आणि मग तिच्यातून आधी बारीक सुस्कारा आला, मग एक गोड, वाईट वास, आणि मग दादा, असा धूर निघाला की मला समोरची विजया दिसेना. तिला एवढंच ओरडताना ऐकलं की तुम्ही मागे व्हा. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. (कोणी विचारलं तर चार्जर देवात नाही, हा निर्णय मी तेव्हा एकट्याने घेतला.) ज्वाळा आली ती थेट पडद्याकडे निघाली. विजयाने बाकीची यंत्रं पदराने ओढून बाजूला केली, उत्तरपूजा तिथेच राहिली. हिरालाल भैयांनी द्रोण खाली ठेवला आणि बाहेर गेले. मला वाटलं पळाले. ते रेतीचं घमेलं घेऊन आले आणि ते सगळं पाटावर ओतलं, मग दुसरं आणलं, मग आम्हाला दंडाला धरून अंगणात नेलं आणि दारं-खिडक्या उघड्या टाकून धूर जाईपर्यंत आत जाऊ दिलं नाही. अंगणात उभं राहून त्यांनी आपला द्रोण संपवला. ज्या रेतीवरून मी भांडलो तिनेच घर वाचवलं. मी आता त्यांच्याशी रेतीवरून भांडू शकत नाही, हेही एक नुकसानच आहे. बाबांचा शिसवी पाट मात्र मधोमध जळला. त्याचं मला फार वाईट वाटतं आहे, कारण दिवाळीला तुम्ही त्यावरच बसता.

गंधाली घरी आली, तिने पाहिलं, आणि पहिल्यांदाच ती रागावली नाही, नुसती खाली बसली. तिला आम्ही चाकाचं सांगितलं. मग तिने समजावलं, आणि मी हे तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. चेपलेली, भिजलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, टोचायची नाही, दाबायची नाही, दिव्याजवळ ठेवायची नाही, कोणाचाही चार्जर कोणालाही लावायचा नाही, आणि धूर आला की वस्तू वाचवायची नाही, माणसं बाहेर काढायची. मी विचारलं, पण तिची उत्तरपूजा राहिली त्याचं काय, ती आता वस्तू आहे की देव? हे तिला कंपनीत शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं तळ्यात विसर्जन करू, तर ती म्हणाली पाण्यात टाकायची नाही. कचरागाडीत, तर तेही नाही, तिथे पुन्हा पेटते. पुरायचीही नाही. म्हणजे जाळायची नाही, पुरायची नाही, बुडवायची नाही, मग हिचं करायचं काय, माणसासाठीसुद्धा यातलं एक तरी चालतं. शेवटी ती रेतीसकट लोखंडी बादलीत घालून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवली, मी दारातूनच नेम धरून अक्षता फेकल्या (निम्म्या हिरालाल भैयांच्या स्कूटरवर पडल्या, तिच्यात कोणी देव असता तर तोही एवीतेवी आपल्या जागी गेला असता), आणि नंतर गंधाली ते अवशेष जुनी यंत्रं गोळा करतात तिथे आधी विचारून घेऊन गेली. तिथल्या माणसाने कुंकवाबद्दल काही विचारलं नाही म्हणे.

तर दादा, आता तुम्हीच बघा. एवढीशी पॉवर बँक, तिची ही गत. आणि दिवाळी म्हणजे काय? पहाटे अभ्यंगस्नान, म्हणजे पाणी. मग फटाके, म्हणजे आग. घरभर पणत्या. फराळाच्या ताटावर तुम्ही, म्हणजे ऐंशीच्या वर जाणार हे ठरलेलं. येताना गाडी, तिच्या डोक्यावरून विजेची तार नागपूरपासून रायपूरपर्यंत सलग. तुमच्या बॅटरीला जे जे वर्ज्य ते सगळं आपण सण म्हणून एकाच दिवशी करतो. आणि पाटही जळलेला. म्हणून म्हणतो, येऊ नका. नागपूरलाच कोरड्या, सावलीच्या जागी, सपाट पृष्ठभागावर राहा. लक्ष्मीपूजनाला मी बसेन, मंत्र चुकतील, तुमच्या जागी एक सुपारी ठेवेन.

वहिनींना सांगा की माझं पोट बरं आहे. 

तुमचा धाकटा,
शरच्चंद्र

ता. क. – पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र विजयाला वाचून दाखवलं. सगळं ऐकून ती म्हणाली, एवढं लिहिलं, पण दादांना कसं वाटून राहिलं ते कुठं विचारलं? मी पत्र परत चाळलं. पुढे येतो म्हणालो होतो, आलोच नाही. दादा, तुम्हाला कसं वाटतं? मला विचारायची भीती वाटत होती. भाद्रपदात वहिनी रडत फोनवर म्हणाल्या की तुमचं काळीज मध्येच थांबत होतं, तेव्हापासून मी बॅटऱ्यांकडे बघत बसलो आहे. तुमच्याकडे बघायची हिंमत नाही, एवढंच त्याचं कारण आहे. बाकी सगळा अभ्यास फुकट.

आणखी ता. क. – पाकीट पुन्हा उघडलं. गंधालीने मला न विचारता नागपूरला फोन लावला आणि आता सांगते आहे. डॉक्टरांनी म्हणे तुम्हाला आगगाडी, अंघोळ, फराळ सगळ्याची मोकळीक दिली आहे. मोबाईल तेवढा दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा आणि छातीच्या खिशात ठेवायचा नाही. त्या यंत्राला पिन लागतच नाही, ते वर्षानुवर्षं तसंच चालतं आणि मग डॉक्टरच बदलतात. हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? (विजया म्हणते, विचारलं नाही म्हणून.) पण वहिनींनी तिला दुसरंही सांगितलं. मी फोन ठेवला त्याचा अर्थ तुम्ही असा घेतलात की शरदला आता आजारी माणूस घरी नको, आणि तिकीट तुम्ही तेव्हाच रद्द करून टाकलंत. आणि खंडेनवमीला तुम्ही सदरा काढून, छातीवरच्या त्या व्रणाच्या जागी स्वतःच हळद-कुंकू लावलंत, झेंडूचं फूल ठेवलंत, आणि उत्तरपूजेआधी हलवायचं नाही म्हणून दसऱ्याच्या सकाळपर्यंत खुर्चीतून उठायला तयार नव्हतात. वहिनींना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. विजया ऐकून म्हणाली, भाऊ कोणाचे आहेत. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो होतो, आत्ताच बाहेर आलो.

अगदी शेवटचं – वर जे येऊ नका म्हणून लिहिलं ते खोडायला शाई पुरणार नाही, तेव्हा ते न वाचल्यासारखं करा. तिकीट पुन्हा काढा. पाट हिरालाल भैया सुताराकडून सांधून आणून देतो म्हणतात. आणि एक मागणं आहे. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही त्या छातीवर उत्तरपूजेच्या अक्षता टाकल्यात की नाही ते वहिनींनी सांगितलं नाही. टाकल्या नसतील तर आता टाकू नका. तिथल्या देवाला जा म्हणायचं नाही. ज्याच्यावर घर चालतं ते शस्त्र, बाबा म्हणायचे. आमचं घर तुमच्यावर चालतं, दादा. या.